ताई, आधी सांगा ना!

मास कॉमच्या दोन वर्षांत मला काय काय शिकवलं, याची यादी सॉलिड मोठी आहे. इंट्रो कसा लिहायचा, मंत्र्याला अडचणीचा प्रश्न कसा विचारायचा, कॅमेऱ्यासमोर हात कुठे ठेवायचे. एका मोठ्या माणसाला पलंगावर कुशीवर कसं वळवायचं, हे मात्र कुणी शिकवलं नाही. तुम्हालाही नसेल शिकवलं. एमबीएला नाही, इंजिनीअरिंगला नाही, सीएला तर नाहीच. आणि आपल्यापैकी बहुतेकांवर कधी ना कधी ती वेळ येणारच असते.

माझ्यावर ती जून २०२३ मध्ये आली. मी मान्सून ट्रेक्सवर एक लेख लिहीत होते, डेडलाइन संध्याकाळची. सकाळी साडेसहाला आईची हाक ऐकू आली. बाबा बेसिनपाशी उभे होते. ब्रश हातातून गळून पडला होता, तोंड एका बाजूला ओढल्यासारखं झालं होतं आणि ते मला काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होते. आवाज येत होता, शब्द येत नव्हते.

स्ट्रोक. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी. त्यामुळे शरीराची उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणंही गेलं. बाबा म्हणजे आयुष्यभर बँकेत काढलेला माणूस. वाण्याच्या बिलावरसुद्धा बरोबरची खूण करणारा. ज्या उजव्या हातानं हजारो कागदांवर सह्या केल्या, तो हात आता चादरीवर कुणीतरी विसरून गेल्यासारखा पडलेला असायचा.

दोन दिवस आयसीयू आणि मग वॉर्ड. डॉक्टर राउंडला यायचे, पाच मिनिटं बोलायचे आणि जाताना म्हणायचे, "आता नर्सिंग केअर महत्त्वाची." मी मान डोलवायचे. नर्सिंग केअर म्हणजे इंजेक्शन, सलाइन आणि बीपी, अशी माझी पक्की समजूत. त्यातलं काहीच मला करायचं नव्हतं, त्यामुळे मी लॅपटॉप उघडून कोपऱ्यात बसायचे. बेंगळुरूचा दादा फोनवर म्हणत होता, "टेन्शन घेऊ नकोस, पैसे टाकू, माणूस ठेवू." आपल्या पिढीचं हे एक बरं असतं. प्रत्येक प्रॉब्लेमला एक माणूस ठेवता येतो.

इथे एक कबुली द्यायला हवी. त्याच्या दोनच वर्षं आधी मी १२ मेच्या नर्सेस डेनिमित्त एक लेख लिहिला होता. फ्लोरेन्स नाइटिंगेलचा दिवा, त्याग, सेवा, पांढऱ्या कपड्यातल्या देवदूत, वगैरे वगैरे. आठशे शब्द, चार फोन कॉल्स. वॉर्डमध्ये पाऊलही न टाकता. लेख छान झालाय, असे मेसेजही आले होते!

तर, तिसऱ्या दिवशीची सकाळ. आई बाबांना आडवं असतानाच चमच्यानं चहा पाजत होती. बाबांना ठसका लागला. तेवढ्यात मागून आवाज आला, "थांबा काकू! झोपवून नका देऊ."

वळून पाहिलं तर एकोणीस-वीस वर्षांची एक बारकीशी मुलगी. खिशात छोटी डायरी, दोन पेनं, हातात सेकंदकाट्याचं घड्याळ. तिनं आईच्या हातातली वाटी काढून घेतली, पलंगाची डोक्याकडची बाजू वर केली, बाबांच्या पाठीमागे उशी लावली आणि त्यांचा ठसका पूर्ण थांबेपर्यंत नुसती उभी राहिली. मग तिनं समजावलं. स्ट्रोकनंतर गिळण्याचे स्नायूही दुबळे होतात. आडवं असताना दिलेला घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाऊ शकतो आणि त्यातून न्यूमोनिया होतो. पाणी, चहा यांसारखे पातळ पदार्थ तर जास्तच दगा देतात. म्हणून आधी गिळण्याची तपासणी, मग सांगतील तसंच खाणं, तेही नीट बसवून, छोटे घास, तोंडाच्या चांगल्या बाजूनं. आणि खाणं झाल्यावर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही.

"थँक यू सिस्टर," मी म्हटलं.

"सिस्टर नका म्हणू ताई, मी स्टुडंट आहे. जीएनएम, सेकंड इयर." ती लाजून म्हणाली. लातूरकडची होती. नाव लिहीत नाही, कारण "आमच्या ट्युटर मॅडमनं वाचलं तर वाट लागंल," असं तिनंच बजावलंय.

त्या दिवशी तिनं केलेली एक गोष्ट मला आधी विचित्र वाटली. ती बाबांशी बोलत होती. म्हणजे खरंच बोलत होती! "काका, आता मी तुमचा उजवा हात उचलणार आहे. काका, आता तुम्हाला डाव्या कुशीवर वळवते, घाबरू नका, मी धरलंय." बाबा उत्तर देऊ शकत नव्हते. मला वाटलं, नवीन आहे, पाठ केलेलं बोलतेय.

मी विचारल्यावर ती म्हणाली, "पाठच केलंय. आमच्या प्रत्येक प्रोसिजरची पहिली स्टेप तीच असते. स्पंज असो, इंजेक्शन असो, नुसती चादर बदलायची असो. हात धुवा आणि पेशंटला समजावून सांगा. प्रॅक्टिकलला विसरलं की मार्क गेले." मग जरा थांबून म्हणाली, "काकांचं बोलणं गेलंय ताई. समजणं नाही गेलेलं. डॉक्टर सांगून गेलेत की."

सांगून गेले होते. मीही ऐकलं होतं. आणि तरीही तीन दिवस मी, आई, आत्या, भेटायला येणारे झाडून सगळे बाबांच्या डोक्यावरून बोलत होतो. "आज जरा बरे दिसतायत ना?" "रात्री कपडे खराब केले त्यांनी." दाराशी उभं राहून कुजबुजत होतो. बाबा डोळे मिटून घ्यायचे, आम्हाला वाटायचं झोपले. नंतर मी नाइटिंगेलबाईंचं १८५९ मधलं 'नोट्स ऑन नर्सिंग' काढून वाचलं. त्यात आवाजावर एक अख्खं प्रकरण आहे आणि रुग्णाच्या खोलीत कुजबुजणाऱ्या नातेवाइकांवर बाई जाम भडकल्यात. लेख लिहिला तेव्हा मी हे पुस्तक उघडलंही नव्हतं.

पाचव्या दिवशी मात्र जे झालं, त्यानं माझी झोप उडाली. बाबांची चादर बदलताना मला त्यांच्या कमरेखाली, माकडहाडापाशी एक लालसर काळपट डाग दिसला. मला वाटलं, घामोळं असेल किंवा चादरीची घडी टोचली असेल. मी पावडर घेतली आणि चांगलं चोळायला सुरुवात केली.

"काय करायलात ताई? चोळू नका!"

तिनं त्या डागावर बोट दाबलं आणि उचललं. साधारणपणे दाबल्यावर त्वचा क्षणभर पांढरट होते आणि मग रंग परत येतो. इथे रंग बदललाच नाही. "बेडसोअरची सुरुवात आहे," ती म्हणाली. "पहिली स्टेज. अजून कातडी फाटली नाही, म्हणजे वेळ आहे." आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून डाग आजूबाजूपेक्षा गडद आहे का, हाताला गरम किंवा कडक लागतो का, हेही बघायचं असतं, असं तिनं सांगितलं. आणि चोळायचं अजिबात नाही, कारण आतला नाजूक झालेला भाग चोळण्यानं आणखी दुखावतो. पूर्वी स्पिरिट लावून पाठ चोळायची पद्धत होती म्हणे, आता तसं शिकवत नाहीत.

तिनं ताबडतोब इन्चार्ज सिस्टरला बोलावलं. पुढच्या पंधरा मिनिटांत मला जे कळलं, ते मी तुम्हालाही सांगते, कारण ते प्रत्येकाला माहीत हवं. आपण झोपेतसुद्धा सतत हलत असतो. लकवा झालेला माणूस हलत नाही. मग हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेमटते, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात, रक्त पोचत नाही आणि तो भाग हळूहळू मरायला लागतो. त्यात ओला डायपर, घाम आणि पेशंटला वर सरकवताना आपण मारलेली ओढ. माकडहाड, टाचा, खुबे, खांदे, कोपरं, डोक्याची मागची बाजू, या धोक्याच्या जागा. उपाय? ऐकायला इतका साधा, की विश्वास बसू नये. दर दोन तासांनी कूस बदला. कातडी कोरडी ठेवा. ओढू नका, चादरीसकट उचला. पोटरीखाली उशी द्या, म्हणजे टाच गादीला टेकणार नाही. आणि रोज, न चुकता, पाठ उघडून नीट बघा.

वॉर्डमध्ये माणसं कमी, पेशंट जास्त. रात्री दोन सिस्टर आणि चाळीस खाटा. मी चिडून बोलायला तोंड उघडलं आणि गप्प बसले. कारण गेले तीन दिवस त्या पलंगापासून सगळ्यात जवळ लॅपटॉप घेऊन कोण बसलं होतं? मीच ना!

मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या अरुणा शानबाग तुम्हाला आठवत असतील. १९७३ मधल्या त्या हल्ल्यानंतर २०१५ मध्ये जाईपर्यंत, चाळीसहून अधिक वर्षं तिथल्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही त्यांना बेडसोअर झाला नाही, हे २०११ मध्ये सुप्रीम कोर्टातल्या खटल्याच्या वेळी देशभर छापून आलं. मीही ते वाचलं होतं आणि 'ग्रेट' म्हणून पान उलटलं होतं. आता मी हिशेब केला. दर दोन तासांनी म्हणजे दिवसातून बारा वेळा. वर्षाला चार हजारांहून जास्त. त्याला गुणिले चाळीस. नर्सच्या पिढ्या बदलल्या, कूस बदलणं चुकलं नाही. देवदूत वगैरे शब्द किती आळशी असतात, हे मला त्या रात्री वहीत आकडे मांडताना कळलं.

हो, वही. मी ऑफिसच्या शीटसारखा तक्ता केला. सहा वाजता डावी कूस, आठ वाजता पाठ, दहा वाजता उजवी. लुळा उजवा हात अंगाखाली दबणार नाही, याची काळजी. रात्री दोनचा आणि चारचा अलार्म. लॅपटॉप बंद. मान्सून ट्रेक्सचा लेख दुसऱ्या कुणाकडे गेला, त्याचे पैसेही गेले. चालतं.

खरी परीक्षा स्पंजची होती. आजवर ते काम वॉर्डबॉय करायचे. तिनं मला विचारलं, "घरी गेल्यावर कोण करणार?" आईची पाठ दुखते, दादा बेंगळुरूला. म्हणजे मी. आणि माझ्या पोटात गोळा आला. आपल्याकडे बाप-लेकीचं नातं म्हणजे स्कूटरवरून क्लासला सोडणं आणि निकालाच्या दिवशी डोक्यावर हात ठेवणं. त्या माणसाचे कपडे मी उतरवायचे?

तिला ते दिसलं असणार. ती हळूच म्हणाली, "ताई, अख्खं अंग कधीच उघडायचं नसतं." आणि तिनं दाखवलं. आधी पडदा ओढला, पंखा बंद केला. कोमट पाण्याच्या दोन बादल्या. बाबांच्या अंगावर मोठी चादर. चादरीखालून एका वेळी एकच अवयव बाहेर काढायचा, पुसायचा, कोरडा करायचा, झाकायचा. मगच पुढचा. सुरुवात डोळ्यांपासून, नुसत्या पाण्यानं, नाकाकडून बाहेरच्या दिशेला, प्रत्येक डोळ्याला कापडाचा वेगळा कोपरा. मग चेहरा, हात, छाती, पाय, पाठ. पाणी बदलायचं. गुप्तांग सगळ्यात शेवटी, तेही चादरीखालीच. शर्ट घालताना आधी आजारी हात, काढताना आधी चांगला हात. हा फंडा मी आजही घोकते.

सगळा वेळ ती बाबांना सांगत होती, "काका, आता पाठ. काका, आता ताई करणार आहेत बरं का, चालंल ना?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. स्ट्रोकनंतर पहिल्यांदा सरळ माझ्याकडे. आणि मान किंचित हलवली. माझ्या लक्षात आलं, की त्यांना परवानगी विचारणारं ते पहिलंच माणूस होतं.

दुपारी तिची ड्यूटी संपल्यावर ती कधी कधी दहा मिनिटं थांबायची. तिला केस प्रेझेंटेशनसाठी बाबांची माहिती हवी असायची आणि मला तिच्या डायरीत डोकवायचं असायचं. एकदा तिनं व्हर्जिनिया हेंडरसन नावाच्या अमेरिकन नर्सच्या चौदा गरजा धडाधड म्हणून दाखवल्या. श्वास घेणं, खाणं-पिणं, मलमूत्र, हालचाल, झोप, कपडे, शरीराचं तापमान, स्वच्छता, धोक्यापासून बचाव, बोलणं-व्यक्त होणं, आपल्या श्रद्धेनुसार वागणं, काम, करमणूक आणि नवं शिकणं. माणसाला एरवी हे स्वतःचं स्वतः जमतं. जेव्हा जमत नाही, तेव्हा ते त्याच्या वतीनं करायचं आणि लवकरात लवकर त्याचं त्याला करता येईल असं बघायचं, म्हणजे नर्सिंग.

मी मनातल्या मनात बाबांचा हिशेब मांडला. चौदांपैकी पूर्ण जमत होती एकच गोष्ट. श्वास. मग मी स्वतःचा मांडला. बोलणं, काम, करमणूक, शिकणं, अशा शेवटच्या चार-पाच गोष्टींसाठी आपण जिम, ईएमआय, प्रमोशन असा सगळा आटापिटा करतो. पहिल्या नऊ आपल्याला फुकट मिळतात, म्हणून मोजतच नाही.

सांगण्याच्या नियमाला एक अपवाद आहे, हेही तिनंच शिकवलं. नाडी मोजताना तीन बोटं मनगटावर ठेवायची, अंगठा नाही, कारण अंगठ्याला स्वतःचे ठोके असतात आणि आपण आपलीच नाडी मोजत बसतो. मोजून झालं तरी हात सोडायचा नाही. तसाच धरून गुपचूप छातीकडे बघत श्वास मोजायचे. "श्वास मोजतेय असं सांगितलं, की माणूस श्वास वेगळा घ्यायला लागतो." मला हसू आलं. मुलाखत घेताना रेकॉर्डर चालू केला की माणसं अशीच वेगळं बोलायला लागतात. आणि औषधाचे त्यांचे पाच राइट्स! बरोबर पेशंट, बरोबर औषध, बरोबर डोस, बरोबर मार्ग, बरोबर वेळ. आमच्याकडे बातमीत कोण, काय, कुठे, कधी, का विचारतात. फरक इतकाच, की आमचं चुकलं तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापता येतो.

अकराव्या दिवशी डिस्चार्ज मिळाला तेव्हा तो डाग फिकट झाला होता. फुटला नव्हता. तिनं बोट दाबून बघितलं, त्वचा पांढरट झाली, रंग परत आला. ती इतकी खूश झाली, जणू तिलाच डिस्टिंक्शन मिळालं. मी बॅगेतून चॉकलेटचा डबा काढला. तिनं घेतला नाही, "नियम नाही," म्हणाली. मग विचारलं, "तुम्ही पेपरात लिहिता ना? मग असं लिहा की आम्ही नुसत्या इंजेक्शन देत नाही."

घरी ब्यूरोची बाई ठेवली, रात्रीसाठी. भली होती, पण पहिल्याच दिवशी तिनं बाबांना लुळ्या हाताला धरून वर ओढलं. मी ओरडले नाही. पलंगाशी गेले आणि म्हणाले, "मावशी, तो हात नाही ओढायचा, खांदा निखळतो. चादरीला धरा, मी पलीकडून धरते. तीन म्हटलं की उचलायचं." स्वतःचाच आवाज ऐकून मी चकित झाले. त्यात थोडा लातूरचा हेलही आला होता.

जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. फिजिओथेरपी, स्पीच थेरपी, वहीतले तक्ते. बाबा धरून बसायला लागले, मग काठीनं चार पावलं. शब्द मात्र हट्टानं बाहेर राहिले. 'आ', 'हो', कधी कधी विनाकारण 'चेक'. बँक डोक्यातून जात नव्हती.

ऑक्टोबरची एक दुपार. माझा एडिटरशी फोन चालू होता, मथळ्यावरून भांडण. घड्याळात चार वाजले. मी फोन कानाशी खांद्यानं दाबून धरला, एका हातानं बाबांची चादर बाजूला केली आणि सवयीनं त्यांना वळवायला लागले. एक शब्दही न बोलता. बाबांचा डावा हात माझ्या मनगटावर आला. घट्ट.

"सांग," बाबा म्हणाले.

एडिटर फोनवर हॅलो हॅलो करत होता. मी फोन ठेवला. डोळे पुसले, हात धुतले. परत येऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

"बाबा, आता मी तुम्हाला डाव्या कुशीवर वळवणार आहे. चालेल ना?"

त्यांनी जरा विचार केला. वाण्याचं बिल तपासताना करायचे तसा. आणि मान हलवली.